उत्तरपत्रिकेतली घोडी

माजिवड्याच्या पुलापाशी तो फलक पुन्हा लागला आहे. तपकिरी घोडा, चारही पाय जमिनीवरून उचललेले. वर शर्यतीच्या मैदानाचं नाव, खाली उजव्या कोपऱ्यात विद्यापीठाचं बोधचिन्ह, आणि दोन्हींच्या मधे एकमेकांत गुंतलेले दोन हात. दिवाळीनंतर तो लागतो आणि उन्हं तापू लागली की उतरतो. सिग्नलला थांबलेली माणसं त्याच्याकडे बघतात ती वेळ घालवायला. घोड्यांशी ठाण्याचा तसा संबंध राहिलेला नाही. लग्नाच्या वरातीतली घोडी सोडली तर इथल्या मुलांनी घोडा पाहिलेला असतो तो अशा फलकावरच.

शर्यतींचा हंगाम थंडीत असतो, आणि ठाण्याची थंडी म्हणजे थंडीपेक्षा धूळच जास्त. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांची, खणलेल्या मेट्रोची, सिमेंटची. सकाळी येऊरचा डोंगर अर्धाच दिसतो. कल्याणच्या पुढे गेलं की हवा बदलते. तिथे सुकलेल्या गवताचा वास असतो, कुठेतरी शेतात राब भाजल्याचा धूर असतो आणि उल्हास नदीवरून येणारा ओला, शेवाळी गारवा असतो. शर्यतीचं मैदान त्या बाजूला आहे. एका हंगामात मी तिथे आठवड्यातून दोनदा जात होतो. घोड्यातलं मला काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. आणि नेमक्या त्याच पात्रतेवर मला पुढे एक काम मिळालं.

त्याआधी तीसेक वर्षं वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर विद्यापीठाने बोलावलं. शर्यतीच्या मैदानाशी त्यांचा करार झाला होता आणि त्यातून तबेल्यातल्या कामगारांसाठी एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू होणार होता. त्यात ‘घटनेची नोंद कशी करावी’ हा एक छोटा विषय होता. तो मी शिकवायचा, आणि त्यासाठी आठवड्यातून दोनदा मैदानावर जाऊन तिथलं काम बघायचं. काय, कुठे, कधी, कोणी. का आणि कसं हे वरिष्ठ ठरवतील.

कराराच्या दिवशी विद्यापीठाच्या घोडबंदरच्या इमारतीत एक घोडी आणली होती. कागदावर तिचं नाव रॉयल वेव्ह. इमारतीच्या दर्शनी दालनात गुळगुळीत पांढऱ्या फरशा होत्या, काचेचं छत होतं आणि मधोमध कारंजं. कुलगुरू आणि मैदानाचे अध्यक्ष यांच्या मधे घोडी उभी करून छायाचित्र काढायचं ठरलं होतं. तिला ट्रकमधून उतरवलं, पायऱ्या चढवल्या, आणि पहिल्याच फरशीवर तिचा मागचा पाय सरकला. दालनात हशा झाला. तिला धरून आलेला माणूस हसला नाही. खांद्यावरची दोन गोणपाटं काढून त्याने तिच्या पुढच्या पायांखाली पसरली, मग अंगातलं विद्यापीठाने दिलेलं नवं कोरं जाकीट काढलं आणि ते मागच्या पायांखाली घातलं. घोडी स्थिर झाली. छायाचित्रकाराने जाकिटावरचं बोधचिन्ह खुराखाली येतंय म्हणून ते उलटं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी आलेलं छायाचित्र गुडघ्यापासून वरचं होतं.

तो माणूस म्हणजे काशिनाथ म्हात्रे. घोडीची निगा राखणारा सईस. साठीच्या जवळचा, बुटका, आगरी. पूर्वी कल्याण स्टेशनबाहेर त्याचा टांगा होता. रिक्षांनी टांगे संपवले तेव्हा टांगा मोडीत गेला, घोडा कुणी नेला हे तो सांगत नसे, आणि तो स्वतः मैदानावर आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठा करायचा झाला की तो आधी अंगठा पायजम्याला पुसायचा, म्हणजे कागद खराब होऊ नये.

मैदानाची सकाळ मला वासांनी आठवते. भिजवलेल्या हरभऱ्याचा, लिदीचा, चामड्याला लावलेल्या तेलाचा. धुकं इतकं दाट की घोडा आधी ऐकू यायचा. टापा जवळ येत, मग नाकपुड्यांतली वाफ, मग घोडा. काशिनाथ तेव्हा रॉयल वेव्हच्या पुढच्या पायांशी उकिडवा बसलेला असायचा. तळहात उलटा करून, म्हणजे हाताच्या पाठीने, तो तिच्या पायाची नळी वरून खाली चाचपायचा. एकदा डावी, एकदा उजवी, पुन्हा डावी. ताप बघताना आई पोराच्या कपाळावर हात ठेवते तितकाच वेळ. घोडीला तो ‘बाय’ म्हणायचा, त्या भागात लेकीला म्हणतात तसं.

“हाताच्या पाठीने का?” मी विचारलं होतं.

“आतला हात कामाचा. त्याला घट्टे परलेत, त्याला काय कलत नाय,” तो म्हणाला. “ही बाजू रिकामी हाय.”

शनिवारी वर्ग असत. मैदानाची बस सईसांना घेऊन कल्याणहून घोडबंदरला यायची. शीळफाट्याला तासभर अडकून ते येत, तेव्हा निम्मे झोपलेले असत. वातानुकूलित वर्गात ते जाकिटं घालून ओळीने बसत आणि फळ्यावर घोड्याच्या सांगाड्याची चित्रं सरकत. प्रत्येक हाडाला नाव होतं. सोनवणे नावाचा एक तरुण सईस होता, कल्याणच्या सिद्धार्थनगरमधला, बारावी झालेला. त्याला सगळं पाठ होई.

“काशीदादा, बोला, माणसाच्या मधल्या बोटाला घोड्यात काय म्हणतात?”

“तुज्या मधल्या बोटाला काय बोलतात तां आदी सांग.”

वर्ग हसायचा. समन्वयक सावंत मॅडमही हसायच्या. त्या तिशीतल्या, मेहनती, सगळ्यांना नावाने ओळखणाऱ्या. बसमध्ये पाणी ठेवलं जातं का हे त्या स्वतः बघत. अभ्यासक्रम त्यांनी रात्रंदिवस खपून उभा केला होता आणि तो खरोखर चांगला होता. हे नोंदवायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही.

हंगामाच्या मध्यावर मैदानाने नोटीस लावली. पुढच्या हंगामापासून प्रमाणपत्र नसलेल्या कोणालाही तबेल्यात काम करता येणार नाही. करारातच तसं कलम होतं. सोनवणेने नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. काशिनाथने ती त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मग विचारलं, “नापास झाला त्याची घोरी कोनाकडं जातंय?”

“पास झालेल्याकडे,” सोनवणे म्हणाला. मग जरा थांबून, “माझ्याकडे आली तर मी सांभाळीन ना दादा. नीट सांभाळीन.”

“तू सांभालशील रे. ती तुना सांभालंल काय?”

ज्यांना लिहिता येत नाही त्यांना परीक्षेत लेखनिक मिळेल, असा विद्यापीठाचा नियम होता. लेखनिकाने त्या विषयाचं शिक्षण घेतलेलं नसावं, म्हणजे तो उत्तर सुचवणार नाही. उमेदवार सांगेल ते आणि तेवढंच लिहावं. ‘आणखी’, ‘नक्की’, ‘विचार करा’ असे शब्द उच्चारू नयेत. उत्तरं शेवटी वाचून दाखवावीत, अंगठा घ्यावा. निकाल लागेपर्यंत मजकूर कोणालाही सांगू नये. सावंत मॅडमनी मला काशिनाथसाठी नेमलं. “सर, तुम्ही परफेक्ट आहात,” त्या म्हणाल्या. “घोड्यातलं काहीच येत नाही आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहिता.” प्रतिज्ञापत्रावर मी सही केली.

परीक्षा शुक्रवारी होती, मार्चमधल्या. दोन दिवसांनी, रविवारी, हंगामातली मोठी शर्यत आणि तिच्यात रॉयल वेव्ह. एका कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि काचेपलीकडे पर्यवेक्षक. काशिनाथने हात धुऊन आणले होते तरी त्याच्या नखांत हरभऱ्याची सालं होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला. प्रश्नपत्रिकेकडे त्याने बघितलंही नाही.

“मास्तर, हा कागद मंग कुठं जातंय?”

“विद्यापीठात.”

“तिथं कोन वाचतंय?”

“परीक्षक.”

“मोठा मानूस हाय?”

“मोठा. जनावरांचा डॉक्टर असतो.”

“ट्रेनरच्या हातात नाय ना जात?”

“नाही. कोणाच्याच हातात जात नाही. सील करतात.”

त्याने मान हलवली. खुर्चीत मागे सरकून बसला. “वाचा,” म्हणाला.

पहिला प्रश्न होता: घोडा लंगडत असल्याची पाच प्रमुख लक्षणे लिहा.

“कंची घोरी?”

“कोणतीही. सर्वसाधारण.”

“सर्वसाधारन घोरी मी बगली नाय.” त्याने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. “मंग बायचां लिव्हा,” तो म्हणाला, आणि सांगायला लागला. सावकाश, लिहिणाऱ्याचा हात बघत, माझं वाक्य संपलं की पुढचं.

त्याने सांगितलं ते असं. रॉयल वेव्ह, आमी बाय बोलतो. म्होरचा डावा पाय. गुडघ्याचे खाली चार बोटां, नलीचे मागची शीर गरम लागतंय. सकाली लागतंय, दुपारी नाय लागत, कारन तवर पानी मारून थंड करतान. चंदी अर्धी ठेवतंय. उभी रवते तवा तो पाय म्होरं टाकते, भार उजव्यावर. मी ट्रेनरला दोन येला सांगलां. ट्रेनर बोलला, तू तुज्या परीक्षेचा अभ्यास कर. आयतवारी तिला पलवू नका. पलवली तर पाय जाईल.

मी लिहिलं. दुसरा प्रश्न चंदीतले, म्हणजे घोड्याच्या खुराकातले, घटक आणि त्यांचं प्रमाण. “तां सोनवने लिवतंय बाजूला, त्याचां सगलां पाठ हाय. माजां हेच परत लिव्हा. आयतवारी पलवू नका.” तिसरा प्रश्न नालाविषयी. “नाल बराबर हाय. नालाचा दोस नाय. शीर बगा.” अशी सगळी प्रश्नपत्रिका. प्रत्येक प्रश्न त्याने नीट ऐकून घेतला आणि प्रत्येक वेळी तिथेच आला. शेवटचा प्रश्न चांगल्या सईसाच्या कर्तव्यांचा होता. दहा गुणांचा. “घोरीला काय होतंय तां सांगनां,” तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. ‘आणखी’ हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. तो नियमात बसत नव्हता.

त्याला परीक्षा समजली नव्हती असं नाही. चांगली समजली होती. त्याला दुसरं एक समजलं नव्हतं, आणि ते त्याच्यासारख्या माणसाला समजणं कठीण होतं. आयुष्यभर त्याचं बोलणं हवेत गेलं होतं. टांगेवाल्याचं पोलिसाने ऐकलं नाही, सईसाचं ट्रेनरने ऐकलं नाही. आज प्रथमच कोणीतरी त्याच्यासमोर बसून त्याचा एकेक शब्द कागदावर उतरवत होतं, तो कागद सील होऊन मोठ्या माणसाकडे जाणार होता आणि वाटेत ट्रेनर नव्हता. परीक्षेला त्याने अर्ज समजलं. आपले गुण त्याने त्यासाठी खर्च केले, आणि गुणांबरोबर घोडीही, हे त्याला माहीत होतं. ती दुसऱ्याकडे गेली तरी चालेल, पण चार पायांवर जावी.

मी उत्तरं वाचून दाखवली. त्याने डोळे मिटून ऐकली. एकाच ठिकाणी हात वर केला. “तिथं ‘आज सकाली जास्ती गरम’ असां घाला.” मी घातलं. अंगठा पायजम्याला पुसून त्याने उमटवला. उत्तरपत्रिका पाकिटात गेली, पाकिटावर लाख ओतली गेली, लाखेवर शिक्का.

वर्तमानपत्रात एक सवय लागते. कागद आला, वाचला, दुरुस्त केला, पुढच्या टेबलावर सरकवला. पुढचं टेबल जबाबदार. या सवयीला तिथे शिस्त म्हणतात आणि तिच्याशिवाय अंक निघत नाही. त्या दुपारी जिन्यात सावंत मॅडम भेटल्या. मी विचारलं, “उत्तरपत्रिकेत एखादी तातडीची गोष्ट असली तर?”

“उत्तरपत्रिकेत कसली तातडी असणार, सर?”

“समजा असली.”

“मग ती आउट ऑफ सिलॅबस,” त्या हसून म्हणाल्या. मग थबकल्या. “का? काही झालं का आत?”

मजकूर सांगायचा नाही अशी सही होती. “नाही, सहज,” मी म्हणालो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, परीक्षेनंतरही राहिलेल्या शेवटच्या वर्गात मी नोंदीच्या अचूकतेविषयी बोललो. काशिनाथ आला नव्हता. मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सईस घोड्याला सोडत नाही.

रविवारी ऊन होतं. मैदानाच्या कडेचे पळस फुलले होते. डोंबिवलीहून, ठाण्याहून गाड्या आल्या होत्या. मुलांच्या हातात पॉपकॉर्न, बायकांच्या डोक्यावर हौसेच्या टोप्या. विद्यापीठाचे विद्यार्थी गळ्यात ओळखपत्रं अडकवून जागोजागी उभे. हे त्यांचं प्रात्यक्षिक होतं. करारात विद्यापीठाला मिळालेला वाटा तोच: प्रत्यक्ष मैदानावर काम शिकण्याची संधी. त्यांच्यातल्या एका तुकडीला पडदा दिलेला होता.

हा पडदा हिरव्या कापडाचा असतो, बांबूंना बांधलेला. घोडा धावताना पडला आणि उठण्यासारखा राहिला नाही तर तो भोवती उभा करायचा, म्हणजे आत डॉक्टर जे करतात ते प्रेक्षकांना दिसत नाही. पडदा किती लवकर उभा राहतो यावर गुण होते. मुलांनी रिकाम्या मैदानात त्याचा सराव केला होता. एकजण घोडा होऊन आडवा पडायचा, बाकीचे पळत येऊन त्याला झाकायचे, खूप हसायचे.

रॉयल वेव्ह शेवटच्या वळणापर्यंत तिसरी होती. वळणावर तिचं डोकं एकदम खाली गेलं, जसं कोणी लगाम जमिनीतून ओढला. जॉकी उडाला, दोन कोलांट्या खाऊन उभा राहिला. घोडीही उभी राहिली. तीन पायांवर. चौथा, पुढचा डावा, गुडघ्याच्या खाली लोंबत होता आणि ती तो पुन्हा पुन्हा जमिनीवर टेकवून बघत होती. पुढच्या घोड्यांची शर्यत संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, जिंकलेल्यासाठी. मुलांनी पडदा सरावापेक्षा लवकर उभा केला. काशिनाथ कठड्याखालून वाकून मैदानावर आला होता. त्याला कोणी अडवलं नाही, कारण घोडी धरायला कोणीतरी हवंच होतं. तो पडद्याच्या आत गेला. कापड हातभर आखूड होतं. खालून आठ पाय दिसत होते: डॉक्टरचे दोन, काशिनाथचे दोन, आणि घोडीचे चार, त्यातला एक हलणारा. मग घोडीचे आडवे झाले आणि काशिनाथचे गुडघे दिसले.

“मम्मी, ते काय करतात?” माझ्या मागच्या ओळीतल्या मुलीने विचारलं.

“तिला औषध देतायत बाळा. खा तू.”

पुढची शर्यत ठरलेल्या वेळेला सुटली.

उत्तरपत्रिका तीन आठवड्यांनी तपासल्या गेल्या. काशिनाथच्या पहिल्या उत्तराशेजारी परीक्षकाने लाल शाईने लिहिलं होतं: प्रश्न सर्वसाधारण आहे, विशिष्ट जनावराविषयी लिहिणे अपेक्षित नाही. ‘शीर गरम’ याला मात्र अर्धा गुण दिला होता. परीक्षक प्रामाणिक होते. पाचांपैकी एकच लक्षण उत्तरसूचीतल्या शब्दांत होतं आणि भाषा प्रमाण नव्हती. तेवढ्या गठ्ठ्यात कुठल्या घोडीचं कधी काय झालं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. गुणांची बेरीज करणाऱ्या लिपिकाला घोडीचं नाव ओळखीचं वाटलं. त्याने सावंत मॅडमना दाखवलं. त्या मजकूर वाचून म्हणे खाली बसल्या. मग नियमाप्रमाणे त्यांनी ते मैदानाला कळवलं.

चौकशी छोट्या खोलीत झाली. मैदानाचा एक अधिकारी, विद्यापीठाचा एक प्राध्यापक, एक पशुवैद्य. मला साक्षीला बोलावलं होतं. काशिनाथ दाराजवळ उभा होता. खुर्ची होती, तो बसला नाही.

“हे अक्षर तुमचं?”

“माझं.”

“शब्द त्यांचे?”

“त्यांचेच.”

“म्हणजे शुक्रवारीच त्यांना पायाचं माहीत होतं.”

“हो.”

“ट्रेनरला सांगितलं असं यात आहे. सांगताना तुम्ही ऐकलंत?”

“नाही.”

“तबेल्याच्या दाराशी नोंदवही असते. तीत यांनी नोंद केली नाही. तुम्हीच तो विषय शिकवता ना? नोंद कशी करावी?”

“हो.”

“तुम्ही शिकवलं होतंत?”

“शिकवलं होतं.”

प्रत्येक उत्तर खरं होतं. ट्रेनरने सांगितलं की आपल्याला कोणी काही बोललं नाही. त्याच्याविरुद्ध कागद नव्हता. काशिनाथविरुद्ध होता, माझ्या अक्षरातला, त्याच्या अंगठ्याचा. घोडी जायबंदी असल्याचं माहीत असूनही नोंद केली नाही, असा ठपका त्याच्यावर आला. मला धक्का बसला असं लिहिणं सोपं आहे. बसला नाही. मी बाहेर येऊन चहा घेतला. सोनवणे तिथे होता. तो पहिल्या वर्गात पास झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कप तसाच ठेवून निघून गेला.

काशिनाथला हंगाम संपायच्या आतच काढलं. जाकीट परत मागितलं गेलं. जाकिटाच्या पाठीवर खुरांचे दोन ठसे होते, धुऊनही न गेलेले, आणि भांडाराच्या माणसाने तेवढ्यासाठी ते खराब म्हणून नोंदवलं.

करार पुढे वाढवण्यात आला आहे. विद्यार्थ्यांच्या प्रतिसादावरून पडद्याचं कापड बदललं, आता ते जमिनीपर्यंत येतं. अभ्यासक्रमात नोंदवहीवर एक तास वाढवला, तो मीच घेतो. लेखनिक म्हणून चोख काम केल्याचं पत्र मला मिळालं. यंदाही विचारणा झाली आणि मी होकार कळवला. कोणीतरी जाणारच, आणि जो जाईल तो घोड्यांतलं काही न कळणारा असला पाहिजे. एवढा नियम मला अजूनही योग्य वाटतो.

फलक लागला त्याच आठवड्यात कल्याणला जाणं झालं. गवताच्या बाजारात भाताचा पेंढा भरलेले ट्रक उभे होते, मुरबाडकडून आलेले. हवेत पिवळी कुसळं तरंगत होती, ती घशात अडकत होती. एका ट्रकमधून पेंढ्या उतरवणाऱ्यांत काशिनाथ होता. मी न थांबता पुढे जाऊ शकलो असतो. त्याने आधी पाहिलं.

“मास्तर,” तो म्हणाला. खाली उतरला, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. बरं आहे का, घरी सगळे कसे, असं दोन्हीकडून झालं. मग तो म्हणाला, “एक इचारू?”

“विचारा.”

“तां बराबर लिव्हलां व्हतां ना तुमी?”

“शब्द न् शब्द.”

“मंग वाचलां कोनी?”

“परीक्षकांनी.”

“कदी?”

“तीन आठवड्यांनी.”

तो ट्रककडे बघत राहिला. वरच्या माणसाने पेंढी खाली टाकली, ती आमच्या मधे पडली.

“कोन वाचतंय तां मी इचारलां,” तो म्हणाला. “कदी वाचतंय तां इचारलां नाय.” मग माझ्याकडे वळून, हिशेब तपासणाऱ्याच्या आवाजात नव्हे, नुसतं खात्री करून घेत, “तुमी बी बोललां नाय.”

“तुम्ही विचारलं नव्हतंत.”

“हां,” तो म्हणाला. “तां बी बराबर.” आणि पेंढी उचलायला वाकला.